भिकूची पाठ

यंदा पौषात थेरगावात खरी थंडी पडली. पहाटे नळाचं पाणी हाताला चावत होतं आणि माझी बोटं वळत नव्हती. खिडकीतून खाली पाहिलं, तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका मोटारीच्या टपावर दोन लांबट नावा पट्ट्यांनी आवळून बांधलेल्या होत्या. प्लॅस्टिकच्या, एक पिवळी आणि एक नारिंगी. जत्रेतल्या खेळण्यासारख्या चकचकीत. माझी नात सई आणि तिच्या ऑफिसातली मंडळी त्या घेऊन कोकणात निघाली होती. कायाक म्हणतात त्यांना. हिवाळा आला की त्यांचं हे सुरू होतं. अंधारात निघायचं, दिवसभर किनाऱ्याकिनाऱ्यानं समुद्रात वल्हवायचं आणि त्याच दिवशी परत यायचं.

"आजोबा, तुमच्या वेळी पण अश्शाच होत्या का?" सईनं खालूनच ओरडून विचारलं.

"आमच्या कापडाच्या होत्या."

"कापडाच्या? समुद्रात? वेडे होतात का तुम्ही लोक?" मग वर येऊन, धापा टाकत, तिनं मुख्य गोष्ट सांगितली. "आमच्या ग्रुपनं ठरवलंय. सीझन संपताना तुमचा सत्कार करायचा. पिंपरी-चिंचवडचा पहिला कायाकर! शाल, नारळ, फोटो, सगळं. नाही म्हणायचं नाही हं."

मी नाही म्हणालो नाही. नको त्या वेळी गप्प राहण्याची माझी सवय फार जुनी आहे.

घरात ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितलेली आहे. तिच्यात परदेशी साहेब आहे, खंडाळ्याचा घाट आहे, लाटा आहेत, नाव फुटल्यावरही जिवंत परत आलेला मी आहे. मुलांना ती आवडायची, मग नातवंडांनाही आवडली. त्या गोष्टीत भिकू फक्त "बरोबर एक गडी होता" एवढाच येतो. सांगता सांगता मी त्याला इतकं घासलं, की त्याचं नावसुद्धा उरलं नाही. आता माझं वय नव्वदीला टेकलंय. त्या दिवशीच्या पाण्यावरचा दुसरा कुणी माणूस आता नाही. मी खरं सांगितलं नाही, तर ते होतं हेही कुणाला कळणार नाही.

तर भिकू. आमच्या आळीतला, माझ्याच वयाचा. त्याचं रान आणि आमचं रान यांच्यामध्ये एक बांध होता आणि त्या बांधावर एक बाभळ. पन्नास सालानंतर नदीपलीकडच्या माळावर कारखाने उभे राहू लागले, तेव्हा बांधही गेला आणि बाभळही गेली. यंत्रांचे सुटे भाग करणारी एक कंपनी तिथं आली. ज्याचं रान गेलं त्याच्या घरातल्या एकाला नोकरी, असं तोंडी ठरलं होतं. आमच्या घरातला मी लागलो, त्यांच्यातला भिकू. दोघंही टेंपररी. आपल्याच रानात आपण भोंग्यावर आत जातो आणि भोंग्यावर बाहेर येतो, याचं भिकूला फार हसू यायचं. एका यंत्राजवळून जाताना तो दर वेळी पाय उचलून टाकायचा. "हितं आमचा भुईमुगाचा वाफा हाय रं, तुडवू नको," म्हणायचा.

यंत्रं बसवायला युरोपातून एक इंजिनिअर आला होता. उन्हात तो विटेसारखा लाल व्हायचा, म्हणून आम्ही त्याला लाल साहेब म्हणायचो. त्याला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्याची. मोडक्या हिंदीवर आणि हातवाऱ्यांवर काम चालायचं. एका रविवारी त्यानं दोन पिशव्या नदीवर आणल्या. त्यातून काठ्या काढल्या, छत्रीच्या काड्यांसारख्या एकमेकींत बसवल्या, वरून जाड कापडाची खोळ चढवली आणि बघता बघता एक नाव तयार झाली. अंगानं इतकी बारीक, की माणूस तिच्यात बसायचा कसला, ती अंगात घातल्यासारखी घालायचा. हातात दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं. पुढच्या हिवाळ्यापर्यंत कंपनीच्या सुतारखात्यात आम्ही तशा आणखी दोन करून घेतल्या होत्या. बांबूच्या कामट्या, तंबूचं कापड, वरून तेलरंगाचे हात. ओल्या कापडाचा आणि रंगाचा तो वास मला अजून येतो. कधी पावसात छत्री उघडली की येतो, आणि मी ती मिटून टाकतो.

पवनेच्या डोहात आम्ही शिकलो. तेव्हा पवनेचा तळ दिसायचा. पलीकडच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायका काम टाकून आम्हाला हसायच्या.

"अगं बया, भिकू बघ सुसरीवर बसलाय!"

"बसतीस का मागं?" भिकू वल्हं थांबवून विचारायचा. "सासरला सोडतो."

"आधी स्वतः सरळ बस की मेल्या!"

भिकू दुसऱ्याच दिवशी सरळ बसला. मी मात्र कलंडायचो. सारखा कलंडायचो. नाव डुलली की माझं अंग आपोआप दुसऱ्या बाजूला जायचं आणि मग सगळंच पाण्यात. पोहता येत होतं, पण त्या अरुंद खोळीत पाय अडकले की छातीत कळ यायची. शेवटी मी एक युक्ती काढली. बैलांना जू घालतात तसा एक बांबू आडवा घेतला आणि माझी व भिकूची नाव एकमेकींना बांधून टाकली. जोडी झाली. जोडी कलंडत नाही. डोहात ती झकास चालायची. साहेबानं बघितलं तेव्हा तो पोट धरून हसला. पण समुद्रावर जायचं ठरलं, त्या दिवशी त्यानं बांबूकडे बोट दाखवून मान हलवली. "समंदर में जोडी नहीं. एक आदमी, एक नाव."

आणि मग ते हिवाळे. दोनच हिवाळे होते, पण आठवताना त्यांना शेवट नसतो. महिन्यातून एखादा रविवार. साहेबाची जीप, पुढं ड्रायव्हर आणि साहेब, मागं घड्या घातलेल्या नावांवर घोंगडी पांघरून आम्ही दोघं. खंडाळ्याच्या घाटात धुकं इतकं, की ड्रायव्हर मान बाहेर काढून रस्ता बघायचा. खोपोलीला उतरलं की हवा एकदम ओली आणि कोमट व्हायची, भिकू घोंगडी फेकायचा. पेणच्या पुढं मिठागरं लागायची. सकाळच्या उजेडात मिठाचे ढीग पांढरे सफेत, जणू कुणी तिथं थंडीच रचून ठेवली आहे. खाडी समुद्राला मिळते तिथं एक लहानसा कोळीवाडा होता. सुकत घातलेल्या बोंबलांच्या माळा, कुत्री, डांबर लावलेल्या होड्या. आमच्या कापडी नावा बघून कोळणी पदर तोंडाला लावायच्या.

हिवाळ्यात तिथं पहाटे जमिनीकडून समुद्राकडे एक हलका वारा वाहतो. कोळी त्याला मतलई म्हणतात. तो पाठीला लागला, की काही करावं लागत नाही. वल्हं नुसतं पाण्याला टेकवायचं. नावेच्या पातळ कापडाखालून पाणी सरकलेलं मांडीला कळायचं, म्हशीच्या पाठीवर बसल्यावर तिची कातडी थरथरते तसं. पहिल्या दिवशी भिकूनं ओंजळ भरून तोंडात घेतली आणि थुंकला.

"नाम्या, हितं मीठ फुकट हाय रं! आपन येड्यासारखं इकत घेतो."

खडकांवर नावा लावून आम्ही भाकरी आणि ठेचा खायचो. साहेब ठेचा खायचा आणि आणखी लाल व्हायचा. त्याला भिकू म्हणता यायचं नाही. तो बिकू म्हणायचा. "बिकू, ठेसा!" आणि हात पुढं करायचा. रान गेलेलं, नोकरी कच्ची, घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली, आणि आम्ही दोघं तिथं राजासारखे पाय पाण्यात सोडून बसलेलो. माझ्या सगळ्या आयुष्यात तसे दिवस पुन्हा आले नाहीत. हे लिहिताना मला गोड वाटायला पाहिजे. वाटत नाही. तोंडात पित्त येतं. त्या दिवसांतली चांगली आठवण काढायला गेलो, तरी तिला धरून तो शेवटचा दिवस येतोच.

तो दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटाचा रविवार. घाटात जीपचं चाक बसलं आणि पोचायला उशीर झाला. मतलई पडून गेली होती. तरी साहेबाला बाहेर जायचंच होतं. थोड्याच दिवसांत त्याचं इथलं काम संपणार होतं. आम्ही खाडीच्या तोंडातून बाहेर गेलो, खडकांवर जेवलो आणि परत फिरलो तेव्हा दुपार कलली होती. ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर निघालेलं. वारा आता उलटा, समुद्रावरून आत येणारा. या दोघांची जिथं गाठ पडते तिथं लाटा आडव्या येत नाहीत, उभ्या राहतात. नदीच्या माणसाला हे कुठून माहीत असणार. साहेबाला माहीत असावं, पण तो मागं राहिला होता, आणि त्याच्या मोडक्या हिंदीतून एवढं काय सांगता येणार.

मी एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नव्हती. तो बांबू मी आणला होता. माझ्या नावेच्या पाठीला लांबीनं बांधून, वर गोणपाट टाकून.

"भिक्या," मी ओरडलो, "जवळ ये. जोडी कर."

"साहेब नको म्हनलाय न्हवं?"

"साहेब लांब हाय. माझ्यानं होत न्हाई भिक्या. मी जातोय बघ. जोडी कर!"

तो आला. शिव्या देत आला, पण आला. दोघांनी मिळून बांबू बांधला. नदीत बांबूनं दोघांना सावरलं होतं, कारण नदी दोघांच्या खाली सारखीच असायची. इथं त्याची नाव लाटेवर चढली की माझी खड्ड्यात, माझी वर आली की त्याची खाली. बांबू मध्ये कण्हत होता. दोन-तीन हिसक्यांत त्याचं टोक माझ्या नावेच्या कापडात शिरलं आणि पिशवी फाटावी तसं कापड फाटत गेलं. पाणी मांडीपर्यंत आलं. भिकूनं दातांनी गाठी सोडल्या. मला काखेत धरून ओढलं आणि आपल्या नावेच्या मागच्या निमुळत्या भागावर पालथं घातलं. मी त्याच्या कमरेला मिठी मारली. माझी नाव बांबूसकट गेली.

या नावेत माणूस पुढं तोंड करून बसतो. पाठीमागं ओझं असलं की त्याला मान वळवायचीही सोय राहत नाही. जरा वळला की नाव उलटते. भिकूची ओली बनियन माझ्या गालाला चिकटली होती. तिच्या आत त्याची हाडं वरखाली होत होती आणि त्या एवढ्या गार पाण्यात त्याची पाठ तापलेल्या तव्यासारखी गरम होती. मी तोंड वळवून मागं पाहिलं. साहेब आमच्याकडेच येत होता. माझी नाव फुटलेली त्यानं पाहिली असणार. एक लाट त्याच्या बाजूनं उभी राहिली, आणि मग त्याची नाव उपडी दिसली. त्यानंतर त्याचं डोकं दिसलं, नावेपासून दूर. मग हात.

"नाम्या, साहेब कुठंय? मला वळता येत न्हाई."

मला माहीत होतं, मी खरं सांगितलं की भिकू वळणार. तो वळला की मी पडणार.

"पुढं गेला," मी म्हणालो. "काठाला लागला."

"बघितलंस न्हवं?"

"बघितलं."

भिकूनं खाली मान घालून वल्हं मारायला सुरुवात केली. तेवढ्यात मागून आवाज आला. वाऱ्यानं तो स्पष्ट आणला. "बिकू!" परत एकदा, "बिकू!"

भिकूचं वल्हं हवेतच थांबलं. "कोन वरडतंय?"

"कोळी हायेत. जाळंवाले."

"माझं नाव घेतल्यागत वाटलं."

"वारा हाय. मार, भिक्या, वल्हं मार!"

आणि त्यानं मारलं. माझ्या शब्दावर त्यानं मारलं.

काठावर जीप होती, ड्रायव्हर होता, साहेब नव्हता. भिकू चिखलात उभा राहून जीपकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "नाम्या, तू तर म्हनला साहेब लागला." मी म्हणालो, "मला तसं वाटलं." त्यानं तशीच नाव परत पाण्यात ढकलली. कोळ्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलं, ओरडले त्याच्यावर, आणि आपल्या मोठ्या होड्या घेऊन स्वतः गेले. साहेब त्यांना दुसऱ्या दिवशी उजाडताना सापडला. खाडीच्या तोंडाशी जाळी बांधायला लाकडाचे खुंट रोवलेले असतात, त्यातल्या एकाला तो मिठी मारून होता. जिवंत होता. पण फुप्फुसात पाणी गेलं, ताप उतरेना, आणि पुण्याच्या इस्पितळातून तो परस्पर आपल्या देशाला गेला. आमची भेट झाली नाही. त्याला काय वाटत होतं, आम्ही त्याला सोडून गेलो हे त्याला कळलं होतं का, मला कधीच समजलं नाही.

कंपनीत गवगवा झाला. दोन कामगारांनी साहेबाला पाण्यात सोडून पळ काढला. दोघांत चालती नाव कुणाची? भिकूची. मी तर तिच्यावर नुसता पडलेला माणूस. भिकूला दुसऱ्या दिवसापासून गेटवर अडवलं.

गाव चिडलं. पोरगं असं करणार नाही, असं निम्म्या गावाचं म्हणणं होतं. कंपनीत आमच्या गावचे बरेच जण होते. ठरलं असं, की भिकूचा दोष नाही हे दिसलं तर सगळ्यांनी मिळून गेटवर बसायचं, त्याला घेतल्याशिवाय उठायचं नाही. पण आधी खरं काय ते कळायला हवं. त्यासाठी आमच्याकडे एकच रीत होती. खंडोबाच्या देवळात बेल-भंडारा उचलायचा. देवापुढची हळद आणि बेलाचं पान हातात घेऊन माणूस जे बोलेल ते खरं. त्यानंतर कुणी कुणाला काही विचारायचं नाही.

भिकूच्या वडिलांनी, तात्यांनी, मुलाला आधी विचारलं होतं. भिकू एवढंच म्हणाला होता, "नाम्याला इचारा. मागं त्यानं बघितलंय. त्यो समदं सांगंल." मी त्याला काय सांगितलं हे त्यानं बापालाही सांगितलं नाही. ते मी सांगावं, असं त्याला वाटलं असणार. माझ्या तोंडून आलं असतं तर माझी लाज राहिली असती.

देऊळ भरलं होतं. पाटलांनी माझ्या तळव्यावर भंडारा ठेवला.

"नामदेवा, इचारीन तेवढं खरं सांग. नाव काठाकडं कुणी नेली?"

"भिकूनं."

"तवा साहेब पाण्यात व्हता का काठावर?"

"पाण्यात."

पाटील थांबले. त्यांनी तात्यांकडे बघितलं. आता ते आणखी एक प्रश्न विचारतील, अशी मी वाट बघत होतो. विचारला असता तर मी खरं सांगितलं असतं, असं मी पुढची कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. त्यांनी विचारला नाही. कशाला विचारतील? भंडारा हातात असलेला माणूस खरं झाकून ठेवील, हे त्या देवळातल्या कुणाच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. मी एक अक्षर खोटं बोललो नव्हतो. माझी बहीण लग्नाची होती, माझंही रान गेलेलं होतं, आणि त्याच महिन्यात मला पर्मनंट करणार होते. तळव्यावरची हळद घामानं ओली होऊन मनगटावर उतरली.

भिकू खांबाला टेकून उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तो आपला वाट बघत होता, मी अजून काही बोलतोय का याची. मग म्हणाला, "बरं." आणि चपला घालून बाहेर गेला. भंडाऱ्याच्या वर आपला शब्द ठेवायचा नाही, ही रीत त्यानं पाळली. मी ती वापरली.

गेटवर कुणी बसलं नाही.

रान नाही, नोकरी नाही, आणि वरून 'साहेबाला बुडवून आलेला' हे नाव. भिकू बायकोला घेऊन तिच्या माहेरी महाळुंग्याला गेला. सासरवाडीच्या रानात गडी म्हणून राबला. तेव्हा तिथं सगळी शेतीच होती. आता कारखान्यांच्या भिंतींमधून गाव शोधावं लागतं. तिथंही त्याची गोष्ट त्याच्या आधी पोचली होती. बरीच वर्षं उलटल्यावर चाकणच्या कांद्याच्या बाजारात तो मला एकदाच भेटला. पाठीवर पोतं होतं. ते खाली टाकून त्यानं घाम पुसला.

"काय नामदेवराव, कसं काय?"

नाम्या नाही. नामदेवराव.

"बरं चाललंय," मी म्हणालो. "तुझं?"

"चाललंय. नदीला पानी हाय का?"

"आहे. पण घाण झालंय रे. हात घालवत नाही."

"असंल," तो म्हणाला. "कंपन्या हायेत." मग वाकला, पोतं परत पाठीवर घेतलं आणि गाड्यांच्या रांगेत शिरला. ओल्या सदऱ्याखाली तीच हाडं वरखाली होत होती. मी हाक मारली नाही. तो बारा-पंधरा वर्षांमागं गेला, हेही मला दुसऱ्याकडून कळलं.

माझं काही वाईट झालं नाही. बहिणीचं लग्न झालं. मी फोरमन होऊन रिटायर झालो. मुलं शिकली. डांगे चौकाजवळ फ्लॅट आहे, गुडघे अजून चालतात. देवाच्या नावानं मी काय केलं ते देवाला माहीत आहे, म्हणून तरुणपणी मी प्रत्येक बाळंतपणात, प्रत्येक तापात धास्तावून बसायचो. काही झालं नाही. देव एक तर तिथं नव्हता, किंवा तोही विचारलं तेवढंच ऐकणारा होता.

समुद्रावरून सई आली तेव्हा तिच्या केसांना मिठाचा वास होता. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. सत्कार नको, असंही सांगितलं. ती जवळ सरकली. मग माझा हात धरून म्हणाली, "आजोबा, तुम्ही घाबरला होता. माणूस घाबरतो. इतकं मनाला लावून घेऊ नका." पोरगी मायेनं बोलली, पण मला ते सहन झालं नाही. माफ करणं तिला सोपं होतं. तिचं यात काहीच गेलेलं नव्हतं. जिचं गेलं होतं ती महाळुंग्यात होती. भिकूची मुलगी, हौसा. पुढच्या रविवारी समुद्र सोडून सईनं मला तिकडं नेलं.

हौसा साठी ओलांडलेली बाई. कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्यांच्या मध्ये तिचं जुनं घर. ती ओट्यावर बसून पावटा सोलत होती. मी नाव सांगितलं. तिचे हात थांबले. मी उभ्यानंच सांगू लागलो. बांबूपासून देवळापर्यंत, काही न ठेवता. झाल्यावर तिनं एवढंच विचारलं,

"म्हंजी माझा बाप भ्याला न्हवता?"

"नाही. मी भ्यालो होतो."

"आन् त्याला ठावं असतं तर त्यो मागं फिरला असता?"

"फिरला असता."

"मला ह्या गावात शाळंतली पोरं 'बुडव्याची' म्हनायची," ती म्हणाली. "सोयरीक जमंना तवा आई रडायची. बाप गप बसायचा. मला वाटायचं, गप बसतोय म्हंजी खरंच हाय." तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "बाप जिता व्हता तवा का आला न्हाईत?"

मी हात जोडले.

"हात नका जोडू. मी न्हाई माफ करनार, आन् तुमी बी ते मागू नका." मग तिनं घरात तोंड करून हाक मारली, "रवी! भाईर ये."

तिचा मुलगा आला. कंपनीच्या गणवेशात, शिफ्टवरून नुकताच सुटलेला, डोळे तांबारलेले.

"ह्याला सांगा," ती म्हणाली. "ह्याच्या आज्याचं हाय."

मी पुन्हा सांगितलं. तो भिंतीला टेकून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "आई, राहू दे ना आता. म्हातारा माणूस आहे. बसायला तरी सांग." शेजारची बाई पाण्याची कळशी घेऊन चालली होती, तिला हौसानं थांबवलं. "सुमन, जरा ऐक." मग मला म्हणाली, "हिला सांगा." मी सांगितलं. मग पलीकडच्या दुकानातला म्हातारा आला. तो भिकूला ओळखत होता, म्हणाला, "भिकू? त्यो साहेबाला बुडवणारा?" हौसानं माझ्याकडे नुसतं बघितलं. मी त्यालाही सांगू लागलो. सई मागून माझ्या कोपराला धरून उभी होती, "आजोबा, पुरे, चला," असं हळूच म्हणत होती.

मी थोडं आटोपतं घेतलं. नाव फुटली, मी त्याच्या मागं पडलो, साहेब काठाला लागला म्हणून मी खोटं सांगितलं, आणि भिकूनं नाव काठाला नेली.

"थांबा," हौसा म्हणाली. "मघाशी दुसरं बी सांगितलं व्हतं. साहेबानं माझ्या बापाला नाव घेऊन हाक मारली. ते गाळू नका. परत सांगा."

मी परत सुरुवात केली.